कायदा आणि आसरा : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

कोल्हापूर-सांगलीकडच्या खेड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना जोगतिणीची ओळख करून द्यायला नको. मंगळवारी किंवा शुक्रवारी हातात परडी, कपाळाला भंडारा आणि गळ्यात कवड्यांची माळ अशी ती दारात येऊन उभी राहते. घरातली बाई सुपातून पसाभर जोंधळे आणते, ते परडीत घालते आणि हात जोडते. लहानपणी एकदा मी आजीला विचारले होते, "हिचं गाव कुठलं गं?" आजी म्हणाली, "ती देवीची आहे बाबा. तिला कसलं गाव?" त्या उत्तराने तेव्हा माझे समाधान झाले. पुढे इतिहास शिकवू लागल्यावर मात्र हेच उत्तर मनात खुपू लागले. जिला गाव नाही तिला घर नाही, शेत नाही, आणि लेकरांना बापाचे नावही नाही. मग तिचे आहे तरी काय?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या कायदेमंडळात एका बाईने उभे राहून विचारला. विचारून ती थांबली नाही. अर्धे उत्तर तिने कायद्यात लिहिले आणि उरलेले अर्धे स्वतःच्या घराचे दार उघडून दिले. त्या बाईचे नाव डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचे नाव फारसे भेटत नाही, म्हणून आज तिची हकीकत सांगतो.

१८८६ हे साल आपण मराठी माणसे एका कारणाने लक्षात ठेवतो. त्या वर्षी मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी ३० जुलै रोजी, दूर दक्षिणेत पुदुक्कोट्टै नावाच्या लहानशा संस्थानात, मुथुलक्ष्मीचा जन्म झाला. वडील नारायणस्वामी अय्यर ब्राह्मण, तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासींच्या समाजातली. त्या काळी अशा घराकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे मी वेगळे सांगायला हवे काय? वडिलांना त्यांच्या नातलगांनी दूर केले. मुलीच्या मनावर हे लहानपणापासून कोरले गेले.

मुलगी हुशार निघाली. मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकायचे तर गावात कॉलेज एकच, आणि तेही मुलांचे. मुलीने मुलांच्या वर्गात बसायचे म्हटल्यावर विरोध होणारच, तसा तो झाला. पण राजाने ऐकले नाही, मुलीला प्रवेश दिला. संस्थानिकांबद्दल आपण पुष्कळ वाईट बोलतो, आणि ते खोटे असते असेही नाही. परंतु एखाद्या दरबाराच्या एका होकाराने एका पिढीचे दार उघडते, हेही खरे.

१९०७ साली ती मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली आणि १९१२ साली डॉक्टर होऊन बाहेर पडली. या कॉलेजशी आपलाही एक धागा जोडलेला आहे. १८७८ साली अहमदनगरच्या कृपाबाई खिस्ती (पुढच्या कृपाबाई सत्यनाथन) याच कॉलेजात शिकायला गेल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या फार चांगल्या गुणांनी पास झाल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्यांना शिक्षण सोडावे लागले. एकीने अर्ध्यावर सोडलेली वाट दुसरीने पुरी चालली, असे म्हणायला हरकत नाही.

१९१४ साली मुथुलक्ष्मीने डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न केले. लग्नापूर्वी तिची अट होती : मला बरोबरीने वागवाल, आणि माझ्या कामात आड येणार नाही. डॉक्टरांनी ती मान्य केली व शेवटपर्यंत पाळली. संसार, दोन मुलगे आणि दवाखाना, सगळे नीट चालले होते.

मग १९२३ साली घरात एक दुःख आले. धाकटी बहीण कर्करोगाने गेली. रोग कळला तेव्हा उशीर झाला होता. घरात डॉक्टर असूनही बहीण डोळ्यांदेखत गेली, हे शल्य मुथुलक्ष्मीबाईंच्या मनातून कधी गेले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता आपण कायदेमंडळाकडे वळू. मद्रास आणि मुंबई या दोन प्रांतांत बायकांना मताचा अधिकार १९२१ साली मिळाला. अर्थात तो मूठभरांना, कारण मालमत्ता किंवा सारा भरणे यांची अट होतीच. मत देता येई, पण मंडळात बसता येत नसे. ती आडकाठी १९२६ साली निघाली. स्त्रियांच्या संस्थांनी मागणी केली आणि सरकारने मद्रास कायदेमंडळावर डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची नेमणूक केली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कायदेमंडळात बसणारी ही पहिली बाई. १९२७ साली सभासदांनी तिला एकमताने उपाध्यक्ष निवडले. सगळे फेटेवाले आणि कोटवाले, आणि त्यांच्यापुढे उपाध्यक्षाच्या खुर्चीवर एक साडी नेसलेली डॉक्टरीण. चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

तुम्ही म्हणाल, नेमणुकीची जागा म्हणजे शोभेची जागा. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण बाई शोभेला बसल्या नाहीत. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी व्हावी, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी इस्पितळांची सोय वाढवावी, गरीब मुलींना शिक्षण फुकट मिळावे, मुलामुलींच्या लग्नाचे वय वाढवावे, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी मांडले. डॉक्टर म्हणून त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुली बाळंतपणात मरताना पाहिल्या होत्या. त्या बोलत ते ऐकीव नव्हते.

पण सर्वांत मोठा प्रश्न देवदासींचा. तो थोडा समजावून घेऊ.

दक्षिणेच्या मोठ्या देवळांत मुली देवाला वाहण्याची चाल शेकडो वर्षांची. मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने पोट्टु, म्हणजे एक प्रकारचे मंगळसूत्र, बांधत. त्यानंतर तिचे लग्न माणसाशी होत नसे. देवापुढे दीप ओवाळणे, गाणे, नाचणे ही तिची सेवा. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या बायकांना लिहिता-वाचता येई, मालमत्ता बाळगता येई आणि मुलगी दत्तक घेता येई. घरंदाज बायकांना यातले बरेचसे मिळत नव्हते. भरतनाट्यम् म्हणून आज आपण जे पाहतो, ते याच बायकांनी जपले. पण देवळांचे वैभव उतरले, राजाश्रय गेला, आणि देवाची सेवा ही पुष्कळ ठिकाणी श्रीमंतांची सोय होऊन बसली. सहा-सात वर्षांच्या पोरीला तिच्या आयुष्याचा निर्णय कोणी विचारत नव्हते. मुथुलक्ष्मीबाईंचा आक्षेप होता तो इथे.

नोव्हेंबर १९२७ मध्ये त्यांनी ठराव मांडला की, मुली देवाला वाहण्याची चाल कायद्याने बंद करावी. ठराव मंजूर झाला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे ग्रामपंचायतीत बसणाऱ्या माणसालाही ठाऊक असते! मग त्यांनी खरी मेख शोधली. ती मेख होती जमिनीत.

शेतकरी वाचकांना हे लगेच उमजेल. देवदासीला देवळाकडून इनाम जमीन असे. त्या जमिनीला एक अट होती, सेवा चालू राहिली पाहिजे. आई म्हातारी झाली की सेवा कोणी करायची? मुलीने. मुलीला देवाला वाहिले नाही तर जमीन जाणार. म्हणजे आईने डोळ्यांत पाणी आणून का होईना, पोरीच्या गळ्यात पोट्टु बांधायचा, नाही तर उपाशी मरायचे. लोक धर्माचे नाव घेत, पण गाठ पोटाशी होती. नुसती बंदी घातली असती तर बंदी मोडली गेली असती, किंवा बाया भिकेला लागल्या असत्या.

म्हणून बाईंनी आधी ही गाठ सोडली. १९२८ साली त्यांनी बिल आणले व १९२९ साली त्याचा कायदा झाला. त्याचे सार असे : जमीन देवदासीकडेच राहील. तिने देवस्थानाला ठरावीक रक्कम भरावी. मात्र त्या जमिनीपायी सेवा करण्याचे बंधन तिच्यावर वा तिच्या मुलीवर राहणार नाही. जमीन ठेवून बेडी तोडली.

तुम्हांला हे कोठे ऐकल्यासारखे वाटते काय? वाटायलाच हवे. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनासंबंधी बिल मांडले होते. तेही नेमलेले सभासद, आणि तेही त्याच सुमारास मंडळात आलेले. महार वतनाची तुटपुंजी जमीन आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी व सरकारी राबणूक, ही गाठ त्यांना सोडवायची होती. मुंबईचे ते बिल तडीस गेले नाही. अशी वतने नाहीशी करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. दोन प्रांत, दोन माणसे, दोन प्रश्न, पण दोघांची नजर एकाच ठिकाणी पोहोचली. गुलामगिरीला धर्माचा रंग दिला, तरी तिचे मूळ पुष्कळदा सातबाऱ्याच्या उताऱ्यात सापडते. शिक्षकबंधूंनी ही दोन उदाहरणे वर्गात शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

बाईंना विरोध झाला नाही असे नाही. सत्यमूर्तींसारख्या मोठ्या काँग्रेस पुढाऱ्याने परंपरेच्या बाजूने विरोध केला. त्याहून अवघड विरोध खुद्द देवदासींच्या एका गटाचा होता. त्यांनी सरकारकडे अर्ज केले की, आमच्यातल्या काहींच्या वागण्यावरून सगळ्यांना पतित ठरवू नका, आमची विद्या आणि आमची उपजीविका काढून घेऊ नका. हे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. दुसऱ्या बाजूला मूवलूर रामामिर्तम अम्माळ यांच्यासारखी, स्वतः त्याच समाजातून आलेली बाई गावोगाव फिरून ही चाल मोडा म्हणून सांगत होती. १९३२ साली ई. कृष्ण अय्यर आणि मुथुलक्ष्मीबाई यांच्यात वर्तमानपत्रांतून नाचाविषयी वाद झाला. अय्यर म्हणत, चाल वाईट असली तरी कला वाचवा.

कला वाचली. पण ती ज्यांनी जपली त्यांच्या हातून पुष्कळशी निसटली व प्रतिष्ठित घरांतल्या मुलींकडे गेली. पुष्कळ जुन्या नर्तकी विस्मृतीत गेल्या. माझ्या मते मुथुलक्ष्मीबाईंच्या कामातली ही उणी बाजू आहे, आणि ती आपण झाकू नये. लहान मुलीला वाचवण्याच्या घाईत मोठ्या बाईच्या विद्येची कदर कमी झाली. थोर माणसांना देव केले की त्यांच्याकडून शिकण्यासारखे थोडेच उरते, असे मला वाटते.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. गांधीजींना अटक होताच बाईंनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला. मुली वाहण्याची चालच बंद करण्याचे त्यांचे दुसरे बिल तेव्हा मंडळापुढे आलेले होते. ते अर्धवट राहिले. खुर्ची सोडल्याने हातातले काम मागे पडले, हे खरेच. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? राहून बिल पुरे केले असते, की देशाबरोबर बाहेर पडला असता? मी या प्रश्नाचे उत्तर वर्गात देत नाही, मुलांना भांडू देतो.

पण खरी परीक्षा मंडळाबाहेर वाट पाहत होती. कायद्याचा बोलबाला झाला तशा काही मुली धीर करून घर सोडून निघाल्या. त्यांतल्या तिघी मद्रासला मुथुलक्ष्मीबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची सोय लावायला बाई निघाल्या, तर ‘असल्या’ घरातल्या मुलींना ठेवून घ्यायला वसतिगृह तयार होईना. पाहा वाचकहो, मंडळात टाळ्या वाजवणे सोपे असते. पोर दारात आली, म्हणजे तिला खायला भाकरी आणि झोपायला जागा लागते.

बाईंनी त्या मुलींना आपल्याच घरात घेतले. त्यातून १९३० च्या सुमारास ‘अव्वै होम’ उभे राहिले. अव्वै म्हणजे तमिळ लोकांची लाडकी जुनी कवयित्री अव्वैयार. आपण मुक्ताई किंवा जनाई म्हणावे तसे ते नाव. पुढे जातपात न विचारता अनाथ, टाकलेल्या, गरीब अशा सगळ्या मुलींना तिथे जागा मिळू लागली. मुलींना नुसते सांभाळायचे नाही, तर शिकवून पायांवर उभे करायचे, शिक्षिका किंवा परिचारिका करायचे, हा बाईंचा हेतू. संस्था वाढली, तिच्या शाळा झाल्या, आणि आजही अड्यार भागात ती चालू आहे. मद्रास प्रांतात देवदासी करण्यावर पुरी बंदी घालणारा कायदा शेवटी १९४७ साली झाला. म्हणजे पहिल्या ठरावानंतर वीस वर्षांनी. तोवर घराचे दार मात्र उघडेच होते.

आता बहिणीची गोष्ट आठवा. १९२५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर बाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा तिथले कर्करोगाचे इस्पितळ त्यांनी पाहिले. आपल्याकडे असे व्हावे हे मनाने घेतले. त्या काळी कर्करोग म्हणजे मरणच, त्याच्यावर पैसा कशाला घालवायचा, असे शहाणीसुरती माणसेही म्हणत. मुंबईला टाटा इस्पितळ १९४१ साली सुरू झाले. दक्षिणेत मात्र काही नव्हते. बाईंनी स्त्रियांच्या संघटनेमार्फत निधी गोळा करायला आरंभ केला. वर्षांमागून वर्षे गेली. १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी अड्यारला इस्पितळ सुरू झाले. खाटा किती, तर बारा! बाईंचे वय तेव्हा सदुसष्ट. चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती तिथे राबू लागले. १९५५ साली डॉ. व्ही. शांता नावाची तरुण डॉक्टर येऊन मिळाली. तिने २०२१ साली मरेपर्यंत ती जागा सोडली नाही. २००५ साली शांताबाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बारा खाटांच्या जागी आज मोठे इस्पितळ आणि संशोधन संस्था आहे. गरिबाला पैशावाचून परत पाठवायचे नाही, हे तिचे पहिल्यापासूनचे ब्रीद.

स्वातंत्र्यानंतरही बाईंनी सरकारी कामाकडे पाठ फिरवली नाही. राज्याच्या समाजकल्याण सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २२ जुलै १९६८ रोजी, वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी व्हायला आठच दिवस उरले असता, त्यांचे देहावसान झाले. तमिळनाडूत गरीब गरोदर बायकांना आर्थिक मदत देण्याची सरकारी योजना आहे, तिला त्यांचेच नाव दिले आहे. एखाद्या पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला अधिक शोभणारे वाटते.

आता थोडे आपल्या अंगणात येऊ. आपल्याकडेही या चालीविरुद्ध काम झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० साली कायदा केला. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्याचा देवदासी प्रथा नाहीशी करणारा कायदा २००५ सालचा आहे. कायद्यांची उणीव नाही. तरी पोरीच्या केसांत जट आली म्हणून तिला देवीला सोडण्याच्या गोष्टी अधूनमधून कानांवर येतातच. जट म्हणजे केसांचा गुंता, तेलफणी न मिळाल्याने झालेला. तो कात्रीने कापता येतो. पण कात्री हाती घ्यायला माणूस लागते, आणि तो बहुधा गावातला शिक्षक, परिचारिका किंवा अंगणवाडीची ताई असते.

म्हणून शिक्षकांना माझे मागणे एवढेच. वर्गातली एखादी मुलगी आठपंधरा दिवस दिसली नाही, तर हजेरीपटावर नुसती फुली मारून थांबू नका. तिच्या घरी जा. तिचे लग्न ठरले आहे काय, तिला देवीला सोडायचे घाटते आहे काय, की घरी धाकटे भावंड सांभाळायला कोणी नाही म्हणून ती थांबली आहे, हे विचारा. आणि विचारताना मुथुलक्ष्मीबाईंची रीत ध्यानात असू द्या. त्यांनी आधी विचारले होते की, आई असे का करते? उत्तर जमिनीत सापडले, म्हणून उपायही जमिनीतच शोधला. कोणाच्या घरी उत्तर भाकरीत सापडेल, कोणाच्या घरी भीतीत. उत्तर सापडल्यावाचून दिलेला उपदेश दारातूनच परत येतो.

आजी म्हणाली होती, तिला कसलं गाव. मुथुलक्ष्मीबाईंच्या दारात आलेल्या त्या तीन मुलींनाही कोणी आपले म्हणायला तयार नव्हते. एका बाईने आपले घर त्यांना दिले आणि त्यातून पुढे शेकडो जणींना घर मिळाले. आपल्यापैकी प्रत्येकाला कायदा करता येणार नाही. पण दार प्रत्येकाच्या घराला आहे.